दवाखाना, डॉक्टर आणि मनोरुग्णाचे हक्क: नाशिककर वारंवार विचारतात ते प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या निमित्ताने नाशिकमधल्या ओपीडी, सरकारी कार्यालयं आणि सीबीएसजवळचं कोर्ट यांच्या पायऱ्या मी बऱ्याच झिजवल्या. आता ओळखीतून लोक फोन करतात. सिव्हिलच्या बाकावर नंबरची वाट बघताना शेजारची बाई हळूच विचारते, "ताई, तुम्हाला यातलं कळतं का हो?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. पण एक गोष्ट अनुभवाने पक्की कळली आहे: तक्रार कितीही खरी असली तरी त्या दिवशीचा कागद हातात नसेल तर कोणी दाद देत नाही. त्यामुळे खाली कागदाचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

डॉक्टरची चूक झाली असं वाटतं. तक्रार कुठे करायची?

आधी तुम्हाला काय हवंय ते ठरवा. त्यावरून कुठे जायचं ते ठरतं.

डॉक्टरने व्यवसायाची शिस्त मोडली, त्याच्यावर कारवाई व्हावी असं वाटत असेल तर ॲलोपॅथीच्या डॉक्टरसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, ती मुंबईत. डॉक्टर बीएएमएस असतील तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. होमिओपॅथीची परिषद वेगळी. वैद्यक परिषद ताकीद देते, काही काळासाठी किंवा कायमचं नाव नोंदवहीतून काढते. नाव निघालं की प्रॅक्टिस करता येत नाही. पण परिषद तुम्हाला एक रुपयाही भरपाई देऊ शकत नाही. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग.

दवाखान्याचा परवाना, दरपत्रक, सोयी यांबद्दल तक्रार असेल तर ज्याने नोंदणी दिली त्याच्याकडे जायचं. शहरात ती महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे असते, म्हणजे शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात. आणि मनोरुग्णाला कोंडणं, मारहाण, बेकायदा ॲडमिशन अशी गोष्ट असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, ज्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

यातल्या दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी अर्ज करता येतो. एक चालू असताना दुसरं बंद होत नाही.

आरोग्य विद्यापीठ तर इथेच म्हसरूळला आहे. तिथे तक्रार घेत नाहीत का?

नाही. बरेच जण दिंडोरी रोडला हेलपाटा घालून येतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली सुरू झालं. ते कॉलेजांची संलग्नता, अभ्यासक्रम आणि परीक्षा बघतं. पदवी मिळवून प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरवर त्याचा अधिकार चालत नाही, तो परिषदेचा.

केसपेपर मागितले तर देतात का? आम्हाला "ते आमचं रेकॉर्ड आहे" म्हणून परत पाठवलं.

असं म्हणणं चुकीचं आहे. वैद्यकीय आचारसंहिता २००२ सालची आहे. ॲडमिट झालेल्या रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायचं, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायचं, असं त्यात स्पष्ट आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी आचारसंहिता आली होती, पण त्याच महिन्यात तिला स्थगिती मिळाली. त्यामुळे २००२ चीच धरून चालायचं.

आता माझा अनुभव सांगते. भावाला एका खाजगी ठिकाणी रात्री दाखल केलं होतं. डिस्चार्जनंतर मी तीन वेळा तोंडी पेपर मागितले. पहिल्यांदा "साहेब नाहीत", मग "रेकॉर्डवाला सुट्टीवर", तिसऱ्यांदा नुसतंच "बघू". चौथ्या वेळी अर्ज दोन प्रतींत लिहून नेला. काउंटरवरच्या मुलीने एक प्रत ठेवून घेतली आणि मला "जा" म्हणाली. मी जागची हलले नाही. "माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर टाकून द्या, मग जाते." ती आत गेली, कोणाशी तरी बोलली, आणि निळ्या शाईचा तो शिक्का उमटला. दुसऱ्याच दिवशी फोन आला की पेपर तयार आहेत. चौतीस पानं होती. त्यातलं नर्सिंगचं पान वाचताना कळलं की दोन रात्री त्याचे हात बांधले होते. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून फक्त डिस्चार्ज कार्डवर समाधान मानू नका. अर्जात लिहा: संपूर्ण इनडोअर केसपेपर, नर्सिंग नोंदी, औषधांचा तक्ता, संमतीपत्रं, तपासण्यांचे रिपोर्ट आणि बिलाचा तपशील. झेरॉक्सचे पैसे द्यायला तयार आहोत असंही लिहा. शिक्का देतच नसतील तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

मानसोपचाराच्या रेकॉर्डबाबत एक अपवाद आहे. काही माहिती वाचून रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका होईल असं तज्ज्ञाला वाटलं तर तेवढा भाग रोखता येतो. पण मग मंडळाकडे दाद मागता येते हेही त्यांनी सांगायला हवं.

सही करताना फॉर्म कोरा होता. आता काय?

रात्रीच्या घाईत हे फार होतं. मीही केलं आहे. संमती म्हणजे नुसती सही नाही. काय करणार, कशासाठी, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे समजेल अशा भाषेत सांगितल्यावर दिलेली परवानगी म्हणजे संमती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली निकालात हे नीट मांडलं आहे: तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी चालत नाही, जीव वाचवण्याची तातडी असेल तरच अपवाद.

पुढच्या वेळी रिकाम्या जागांवर रेघ मारा, सहीखाली तारीख आणि वेळ घाला आणि मोबाईलमध्ये फोटो काढा. आधीच कोरी सही झाली असेल तर लगेच, आठवडाभरात, "सही करताना फॉर्म भरलेला नव्हता" असं पत्र दवाखान्याला द्या. सहा महिन्यांनी हेच म्हटलं तर वजन राहत नाही.

घरच्यांनी सांगितलं की मनोरुग्णाला जबरदस्तीने ॲडमिट करता येतं ना?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याने १९८७ चा जुना कायदा रद्द केला. आता माणूस स्वतः निर्णय घेऊ शकतो असं धरूनच सुरुवात करायची. तो स्वतःहून दाखल झाला असेल तर स्वतःहून घरी जायला मोकळा आहे. डॉक्टरला गंभीर काळजी वाटली तर तपासणीपुरतं जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं.

त्याच्या इच्छेविना दाखल करायचं तर अटी आहेत. त्याने नुकताच स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला असावा किंवा तशी धमकी दिली असावी, दुसऱ्यावर हिंसक झाला असावा, किंवा स्वतःची काळजी घेणं इतकं सुटलं असावं की जिवाला धोका आहे. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायला हवं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे रुग्णाने आपल्या वतीने नेमलेल्या माणसाने, करायचा. मुदत ३० दिवस. दाखल केल्याची माहिती मंडळाला सात दिवसांत द्यायची, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. ३० दिवसांपुढे ठेवायचं असेल तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी.

"घरात भांडतो", "लग्न मोडलं", "जमिनीच्या कागदावर सही करत नाही" ही दाखल करण्याची कारणं नव्हेत. शेवटचं कारण मी उगाच लिहिलेलं नाही. सातबाऱ्यासाठी भाऊबंदांनी माणसाला वेडा ठरवण्याचे किस्से निफाड, सिन्नरकडच्या बायका सांगतात तेव्हा ऐकवत नाही. कायद्यानेही म्हटलं आहे की घरच्यांशी किंवा समाजाशी न पटणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही.

व्यसनमुक्ती केंद्राची गाडी येते आणि माणसाला उचलून नेते. हे कायद्यात बसतं का?

दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून आलेली मानसिक अवस्था याच कायद्यात येते. म्हणून असं केंद्र माणसाला दाखल करून उपचार देत असेल तर ते राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदवलेलं हवं, आणि वर लिहिलेले नियम तिथेही लागू. चार पोरं येऊन हातपाय धरून गाडीत टाकणं आणि तीन महिने फोन बंद, हा उपचार नाही. आईबापाने हतबल होऊन पैसे भरले असले तरी नाही. त्या आईबापाला मी दोष देत नाही. रात्री दोनला नवरा किंवा पोरगा घरातली भांडी फोडत असतो तेव्हा कोणीही जो नंबर मिळेल तो फिरवतो.

पण भरती करण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र बघा. ते दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे. मानसोपचारतज्ज्ञ कोण, किती वेळा येतात, ते विचारा. विनानोंदणी केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार दंड आहे, तिसऱ्या वेळेपासून तो ५ लाखांपर्यंत जातो.

बांधून ठेवणं, खोलीत एकट्याला कोंडणं चालतं का?

साखळदंड कुठल्याही प्रकारे, कुठेही चालत नाही. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसं पळू न शकल्याने जळून गेली. ती तारीख मी विसरू शकत नाही.

एकांतात कोंडण्यालाही बंदी आहे. शरीराला आवर घालावाच लागला तर तो तात्काळ इजा टाळण्यासाठी, दुसरा मार्गच नसेल तेव्हा, आणि जबाबदार मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. धोका टळला की लगेच सोडायचं. कारण, पद्धत आणि वेळ केसपेपरवर लिहायची. दर वेळी २४ तासांच्या आत नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवायचं. शिक्षा म्हणून, धाक म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. भावाच्या त्या पानावर हात बांधल्याचं कारण म्हणून "पेशंट रेस्टलेस" एवढंच होतं. वेळ नाही, सही नाही. त्या एका ओळीच्या जोरावरच मला पुढचा अर्ज लिहिता आला.

शॉक ट्रीटमेंटवर बंदी आली आहे ना?

नाही. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता शॉक देण्यावर बंदी आहे. अल्पवयीन मुलांना देता येत नाही, अगदीच गरज असेल तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी लागते. तातडीचा उपचार म्हणूनही शॉक देता येत नाही. नीट पद्धतीने दिलेल्या शॉकने तीव्र नैराश्यातून उठलेली माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा नाव ऐकून घाबरू नका. भूलतज्ज्ञ कोण, हे मात्र विचारा.

पुनर्विलोकन मंडळ म्हणजे काय, आणि तिथपर्यंत पोचायचं कसं?

जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेची व्यक्ती अध्यक्ष असते. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि रुग्ण, काळजीवाहक किंवा संस्थांमधले दोन जण सदस्य. म्हणजे आपल्यासारख्यांना त्या टेबलाभोवती कायद्याने खुर्ची दिली आहे, ही मला या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

अर्ज रुग्ण स्वतः करू शकतो, त्याचा प्रतिनिधी करू शकतो, किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्था. फी नाही. इच्छेविना दाखल केल्याला आव्हान दिलं तर सात दिवसांत निर्णय, इतर अर्जांवर ९० दिवसांत. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालय.

मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर संस्थेत दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. अर्जाचा फॉर्म देणं आणि मंडळाला फोन करू देणं हीसुद्धा संस्थेचीच जबाबदारी. भेटायला गेलात की आधी भिंतीकडे बघा. पाटी नसेल तर फोटो काढून ठेवा, ती स्वतंत्र तक्रार होते. अडलंच तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. मनोरुग्णाला या कायद्याखालच्या हक्कांसाठी मोफत वकील मिळतो. विधी सेवेचा फोन १५१००.

नामनिर्देशित प्रतिनिधी कोण असतो?

रुग्ण बरा असताना साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ज्याला नेमतो तो. नवराच हवा, बापच हवा असं नाही. मैत्रीण चालते. कोणाला नेमलंच नसेल तर नातेवाईक, मग काळजीवाहक असा क्रम लागतो. याच्या जोडीला आगाऊ निर्देशही लिहिता येतो: निर्णयक्षमता गेली तर मला कोणता उपचार चालेल, कोणता नको. भावाने बरं वाटत असताना दोन ओळी लिहिल्या. पहिलीत माझं नाव. दुसरीत, "मला बांधू नका, आधी ताईला फोन लावा."

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ यात फरक काय? यांच्यावर लक्ष कोणाचं?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो, आणि तो वैद्यक परिषदेच्या कक्षेत येतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर मागायला संकोच करू नका. निव्वळ समुपदेशकाचं मात्र अवघड आहे. चार दिवसांचा कोर्स करूनही कॉलेज रोडला पाटी लावता येते. सहानुभूतीने ऐकणारी चांगली माणसं या क्षेत्रात खूप आहेत, पण कोणी गोळ्या बंद करायला सांगितल्या तर तिथून उठा.

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर असायला हवा. परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो.

उपचार करूनही माणूस गेला. हा हलगर्जीपणा ठरतो का?

आपोआप ठरत नाही. हे सांगताना समोरच्याचा चेहरा पडतो, तरी मी सांगते. त्या शाखेचा साधारण कुवतीचा डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली की नाही, हे बघितलं जातं. दोन मान्य उपचारांपैकी एक निवडला आणि तो लागू पडला नाही, तर तो हलगर्जीपणा नव्हे. फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा ढोबळ असावा लागतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून दुसऱ्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पोलिसांनी पुढे जाऊ नये असं ठरलं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये डॉक्टरसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

रागाच्या भरात काचा फोडू नका. २०१० च्या राज्याच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होतो, नुकसानीची दुप्पट भरपाई वेगळी. शिवाय त्या गोंधळात तुमचे कागद बाजूला पडतात आणि चर्चा फक्त तोडफोडीची राहते.

ग्राहक आयोगात वकील लागतो का? सिव्हिलविरुद्ध जाता येतं का?

वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करायची. तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्हा आयोगात चालतं. राहत्या जिल्ह्यात दाखल करता येतं, म्हणजे उपचार मुंबईत झाले तरी नाशिकला. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं. सगळ्यांना पूर्ण मोफत सेवा देणारं रुग्णालय त्यातून बाहेर आहे. तिथे माहिती अधिकार, वरिष्ठांकडे लेखी तक्रार आणि दिवाणी कोर्ट किंवा उच्च न्यायालय.

यंत्रणाच चुकली तर जबाबदार कोण?

नाशिकमध्ये हा प्रश्न निघाला की द्वारकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आठवतं. २१ एप्रिल २०२१ ला तिथल्या ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, दाब पडला आणि किमान २२ रुग्ण गेले. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली गेली. वॉर्डातल्या डॉक्टरचा औषधोपचार तिथे चुकलेला नव्हता. टाकीची देखभाल, भरण्याची पद्धत, ठेकेदारावर देखरेख हे प्रश्न होते. अशा वेळी तक्रारीत एकट्या डॉक्टरचं नाव घालून भागत नाही. व्यवस्थापन आणि ठेका देणारी संस्था यांची नावं घाला, आणि देखभालीच्या नोंदी माहिती अधिकारात मागा.

बिल भरलं नाही म्हणून मृतदेह अडवला तर?

अडवता येत नाही. २०२१ मध्ये राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं आलं. महापालिकेच्या वैद्यकीय विभागाला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लगेच कळवा.

डॉक्टरने किंवा कर्मचाऱ्याने अंगाशी लगट केली. मनोरुग्ण म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही.

ठेवायलाच हवा. ही परिषदेची नव्हे, आधी पोलिसांची बाब आहे. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. रुग्णालयातल्या स्त्रीवर तिथल्याच कर्मचाऱ्याने बलात्कार केला तर किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. निदानाच्या कागदामुळे बाईची साक्ष खोटी ठरत नाही. ती जे सांगते ते तिच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून ठेवा. दुरुस्त करू नका, नीटनेटकं करू नका.

आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलीस केस होते, म्हणून दवाखान्यात न्यायला भीती वाटते.

न्या. आधी न्या. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा धरतो, आणि त्याला उपचार आणि पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, त्याने घाबरू नका. रात्री-बेरात्री बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तक्रार केली तर पुढे उपचार कोण देणार?

ही भीती खरी आहे. सुरगाणा किंवा पेठहून येणाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच, त्यात एकाशी वाकडं आलं तर जायचं कुठे? म्हणून मी आधी दुसरीकडे उपचार सुरू करायला सांगते. डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी घेऊन सिव्हिलची ओपीडी गाठा, किमान महिन्याभराचं औषध हाताशी ठेवा, आणि मग अर्ज टाका. गोळ्या मध्येच तुटल्या तर आजार उलटतो. भावाच्या वेळी मी अर्ज तीन आठवडे उशिरा टाकला तो याचसाठी. त्या तीन आठवड्यांत त्याची झोप बसली, आणि अर्जावर माझ्या सहीशेजारी त्याने स्वतः सही केली.